स्टाफ कँटीनच्या भिंतीवरची अमेरिका

बँक्वेटच्या स्टोअरमध्ये खोका फोडला, पहिला फोटो बाहेर काढला, आणि मार्केटिंगच्या मुलीचा चेहराच उतरला.

मी तिथे होते कारण आमच्या हॉटेलात भिंतीवर काहीही लावायचं तर मला विचारावं लागतं. बहारीनमधल्या या हॉटेलात मी हाउसकीपिंगची मुख्य आहे. रूम अटेंडंट म्हणून आले होते, वसईहून, नव्या लग्नाची. त्यानंतर कितीतरी मॅनेजर आले आणि गेले. चादरी, पडदे, गालिचे, भिंती, सगळं माझ्याकडे आहे, आणि मी ते चांगलं सांभाळते. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

कॉफी शॉपमध्ये अमेरिकन गावाकडच्या जेवणाचा पंधरवडा ठरला होता. मक्याचा पाव, घेवड्याच्या दाण्यांचं त्यांच्या पद्धतीचं कालवण, भोपळ्याचा केक, असा बेत होता. मार्केटिंगची मुलगी जॉर्डनची, हुशार पण कायम घाईत. तिनं इंटरनेटवरून गावाकडचे जुने रंगीत फोटो निवडून मोठे छापायला टाकले होते. फुकट वापरता येतात एवढं तिनं बघितलं. खाली काय लिहिलंय ते वाचलं नाही. ते फोटो अमेरिकेतल्या अतिशय वाईट दिवसांतले होते. ऐंशीएक वर्षांपूर्वी, खेडोपाडी लोकांची दैना झालेली असताना, सरकारनंच फोटोग्राफर पाठवून ते काढून घेतले होते.

काही फोटोंत लाल रंगाची मोठी कोठारं होती, वर निळं आभाळ. ते ठीक होते. पण बाकीचे? अर्धं जमिनीत पुरलेलं, मातीच्या छपराचं घर. अनवाणी पोरं, नजर जमिनीकडे. ठिगळं लावलेल्या निळ्या डगल्यातला एक माणूस. तळघरात भाज्या भरलेल्या काचेच्या बरण्यांची रांग, आणि एक बरणी हातात उंच धरून उभी असलेली बाई. एकाच फुलाफुलांच्या कापडाचे फ्रॉक घातलेल्या दोन बहिणी. टेबलाभोवती दाटीवाटीनं जेवायला बसलेलं एक कुटुंब, सगळ्यांच्या माना ताटावर.

आमचे जनरल मॅनेजर बैरुतचे. ते आले, एकेक फोटो बघत पुढे गेले आणि वळून म्हणाले, "हे काय आहे? माणसांना भूक लागावी म्हणून मी फोटो मागवले. हे बघून कोण जेवेल?"

मॅनेजरांनी कोठारांचे फोटो वेगळे काढायला लावले. "हे वर लावा. बाकीचे खलास. फेकून द्या."

"सर, फेकू नका," मी म्हटलं. "मला द्या. स्टाफ कँटीनमध्ये लावते."

"तिथे कशाला?"

"तिथली भिंत कोरी आहे. हात धुवा, असं लिहिलेलं पोस्टर सोडलं तर काही नाही."

त्यांनी खांदे उडवले. "घ्या. पण कुणी तक्रार केली तर तुम्ही बघायचं."

"मीच बघते, सर."

मला ते फोटो का हवे होते, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं की त्यांचे रंग. जुनी गरिबी मी कायम काळ्यापांढऱ्या फोटोंतच पाहिलेली. आमच्या घरातले सगळे जुने फोटो तसेच, करडे. त्यामुळे लहानपणी मला मनापासून वाटायचं की आईच्या लहानपणी जगच करडं होतं, झाडंसुद्धा. आणि इथे त्या बरण्यांमधले टोमॅटो लालभडक होते. बाईच्या एप्रनवरचा पिवळा काठ कालच धुतल्यासारखा दिसत होता. वाईट दिवसांतही टोमॅटो लालच असतात, हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

फोटो लावायला मी चाचांना बोलावलं. चाचा आमचे गादीकाम आणि सुतारकाम बघतात. रत्नागिरीच्या खाडीकाठचे आहेत, वयानं माझ्याहून मोठे. हॉटेलात मराठी बोलायला मला तेवढेच एक. बाकी सगळ्यांशी हिंदी नाहीतर इंग्रजी.

चाचांनी निळ्या डगल्यातल्या माणसाचा फोटो उचलला, हात लांब करून धरला आणि बघत राहिले.

"बाय, ह्याचे हात बघ," ते म्हणाले. "माणूस फोटोला उभा राहिलाय, पण हात अजून कामातच हायत."

खरंच तसं होतं. त्याच्या बोटांना सरळ राहायची सवयच उरली नव्हती. आम्ही संध्याकाळपर्यंत सगळे फोटो लावून टाकले. लांबून बघितलं तर कँटीन एकदम भरल्यासारखं वाटत होतं, आणि मी समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला खाली उतरले तेव्हा लाँड्रीतली इस्त्रीवाली भिंतीसमोर उभी होती, हात कमरेवर ठेवून. ती गुंटूरकडची, तेलुगू. चादरींच्या मोठ्या मशीनवर काम करते. तिच्या हातून निघालेल्या चादरीत मला आजवर चूक काढता आलेली नाही, आणि तिच्या तोंडालाही कुणी लागत नाही.

"मॅडम," ती हिंदीत म्हणाली, "ऊपर गेस्ट लोगों के लिए लाल घर. नीचे हमारे लिए फटा कपड़ा. ये किसने सोचा?"

"मैंने," मी म्हटलं.

"क्यों?"

"अच्छा लगा, इसलिए."

"आपको अच्छा लगा. हमने तो रोज देखा है ये. इधर आए इसीलिए, कि देखना न पड़े."

जेवणारे थांबले. पाहुण्यांचं सामान उचलणाऱ्या एका नेपाळी बेलमननं मान हलवली, कुणी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मी चाचांकडे बघितलं. ते भातात आमटी कालवत होते. मान वर न करता ते मराठीत म्हणाले, "ती खोटं नाय बोलत, बाय."

मला राग आला. एक तर मी त्यांच्यासाठीच ते फोटो मागून घेतले होते. पण माझी एक पद्धत आहे. तक्रार आली की मी त्याच दिवशी उत्तर देत नाही. फोटोही उतरवले नाहीत. "सोचती हूँ," एवढंच बोलले आणि ताट घेऊन बसले. त्या दिवशी माझ्या टेबलावर माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही.

शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. आम्ही गुदैबिया नावाच्या वस्तीत राहतो, खाली उडपी हॉटेल, त्यामुळे सकाळपासून घरात सांबाराचा वास. शुक्रवारी मी आईला व्हिडिओ कॉल करते. आई वसईला माझ्या भावाकडे असते. तब्येत, पाणी, शेजारणीच्या नातीचं लग्न, सगळं बोलून झालं आणि मी तिला कँटीनचा किस्सा सांगितला. मला वाटत होतं ती माझी बाजू घेईल.

"कसले फोटो? दाखव तरी," ती म्हणाली.

मी दोन बहिणींचा फोटो तिला पाठवला. तिनं चष्मा शोधला, फोन आधी लांब धरला, मग जवळ घेतला.

"ह्या कुठल्या पोरी?"

"अमेरिकेतल्या. जुना फोटो आहे. तेव्हा तिकडे फार वाईट दिवस होते."

"अमेरिकेत?"

"हो. खायचे वांधे होते. पिठाच्या थैल्यांचे कपडे शिवायचे, असं लिहिलंय खाली."

आईनं फोन आणखी जवळ घेतला. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"थैल्यांचे? त्यांच्या स्वतःच्या पोरींना?"

आणि मग तिनं मला ती गोष्ट सांगितली, जी मी पन्नाशी ओलांडेपर्यंत ऐकली नव्हती.

आई शाळेत जात होती तेव्हा एका वर्षी त्यांच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. पानवेली सुकून गेल्या. घर त्या पानांवर चालत होतं, ते बंद पडलं. त्या दिवसांत चर्चच्या आवारात अमेरिकेहून आलेलं मक्याचं पिवळं पीठ आणि दुधाची पावडर वाटत. आजी रांगेत उभी राहून आणायची. त्या पिठाची भाकरी थापता थापता तुटायची, मग तिची पेजच करायची. थैल्या मात्र चांगल्या जाड कापडाच्या. आजीनं त्या सोड्यात उकळून घेतल्या आणि पोरींना फ्रॉकच्या आत घालायला परकर शिवले.

"अक्षरं काही गेली नाहीत," आई म्हणाली. "आणि एक चित्र होतं, दोन हात एकमेकांत मिळवलेले. ते माझ्या परकराला नेमकं मागे आलं. बसायच्या जागी."

मी हसले. ती हसली नाही.

"सणाच्या दिवशी मैदानावर पोरी गोल फिरत होत्या. मी फिरले, फ्रॉक वर उडाला आणि सगळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत मला अमेरिका म्हणायचे. ए अमेरिका, इकडे ये. ए अमेरिका, बाजूला हो. मी मैदानावर जाणंच सोडलं. तुझ्या बाबांनासुद्धा कधी सांगितलं नाही मी हे."

"आई, अगं, पण यात लाज कसली?"

"तुला सांगायला काय जातं? तुला थैली घालावी लागली नाही."

तिनं पुन्हा तो फोटो उघडला असावा, कारण तिची नजर माझ्यावरून सरकली. बराच वेळ ती त्या दोन पोरी बघत होती.

"म्हणजे बघ," ती शेवटी म्हणाली, "ज्यांच्याकडून थैल्या आल्या, त्यांच्याच पोरी कधीकाळी थैल्या घालून फिरत होत्या. आणि मला वाटायचं, तिकडे सगळ्या मडमा सिल्कमध्ये असतील आणि मला हसत असतील." मग ती हसायला लागली, आणि इतकी हसली की तिला ठसका लागला आणि वहिनी पाणी घेऊन धावत आली. "इतकी वर्षं मी उगाच जपलं गं ते," ती डोळे पुसत म्हणाली.

रविवारी कामावर गेल्यावर मी मुद्दाम इस्त्रीवालीच्या समोर जाऊन बसले आणि तिला हे सगळं हिंदीत सांगितलं. परकर, हात, मैदान. ती संत्रं सोलत ऐकत होती. फोटो इथे का असावेत हे आता तिला पटेल, अशी माझी खात्री होती. ऐकून झाल्यावर तिनं एक फोड तोंडात टाकली आणि विचारलं, "तो आपकी मम्मी का फोटो किधर है?"

"मतलब?"

"दीवार पे. गोरे लोग की गरीबी तो लगा दी आपने. अपनी किधर है?"

बोलण्यात मी सहसा हरत नाही. त्या दिवशी हरले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. बरोबर बोलणाऱ्या माणसापुढे हरण्यात काही बिघडत नाही.

आईचा लहानपणीचा एकच फोटो आहे. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा, स्टुडिओत काढलेला. शेजारच्यांकडून मागून आणलेला पांढरा झगा, हातात मेणबत्ती, केसांत रिबन. मी आधी आईची परवानगी घेतली. तिला काही दिवसांपूर्वी विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. आता म्हणाली, "लाव. पण खाली परकराचंही लिही. नाहीतर लोकांना वाटेल श्रीमंताची पोर."

भावानं फोटो पाठवला आणि मी गुदैबियातल्या एका दुकानात तो मोठा करायला दिला. दुकानदार मल्याळी. तो म्हणाला, "रंग भरून देऊ? एका मिनिटात होतं आता." मी तिथूनच आईला फोन लावला. रिबन कुठल्या रंगाची होती?

"निळी," ती लगेच म्हणाली. "पण भरू नको. त्या माणसाला काय माहीत कसली निळी."

फोटो करडाच राहिला. चाचांनी जुन्या पलंगाच्या लाकडाची चौकट करून दिली आणि बरण्यांवाल्या बाईच्या शेजारी जागा काढली. खाली मी हिंदी आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. इस्त्रीवाली आली, वाचलं, फोटोतल्या मुलीकडे नीट बघितलं.

"अच्छा," ती म्हणाली. "अब बात करते हैं."

मग आम्ही दोघींनी मिळून भिंत नव्यानं लावायला घेतली. ती एकेका फोटोसमोर थांबायची आणि निकाल द्यायची. अनवाणी पोरांचा फोटो उतरवायला लावला. "इनको किसी ने पूछा नहीं. देखो, नीचे देख रहे हैं." निळ्या डगल्यातला माणूस राहिला. बरण्यांवाली बाई अर्थातच राहिली. "ये खुद बुलाके दिखा रही है, देखो मैंने क्या बनाया." दोन बहिणी राहिल्या, कारण मीच त्यांना हात लावू दिला नसता.

जेवणाऱ्या कुटुंबावरून मात्र आमचं जुंपलं.

"खाते टाइम किसी का फोटो नहीं निकालते," ती म्हणाली.

"पर ये कमरा तो खाने का है," मी म्हटलं. "वो उधर खा रहे हैं, हम इधर खा रहे हैं. कोई किसी की थाली नहीं गिन रहा. ये रहेगा."

तिनं माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. "ठीक है. ये एक आपका."

उतरवलेले फोटो मी कापडात गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवले आणि भिंतीवर मोकळ्या जागा झाल्या. त्या मी मुद्दाम तशाच सोडल्या. कुणालाही काही सांगितलं नाही. आधी बेलमननं त्याच्या गावच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेताचा फोटो आणला. मग बांगलादेशी स्टुअर्डनं पुराच्या पाण्यात पोहणाऱ्या बदकांचा, मागे घराचं नुसतं छप्पर दिसणारा. चाचा सगळ्यांना चौकटी करून देत होते. मी त्यांना म्हटलं, "चाचा, तुमचा?"

"बापाचा एकच फोटो हाय, पासपोर्टाचा," ते म्हणाले. "त्यात तो घाबरलेला दिसतो. माझा बाप दर्यात घाबरला नाय कधी. तो फोटो खोटा हाय. नको." आणि त्यांनी पुढची चौकट तासायला घेतली.

इस्त्रीवालीनं तिचा फोटो सगळ्यांच्या शेवटी आणला. नवऱ्यानं मोबाईलवर काढलेला. अंगणापासून पार बांधापर्यंत मिरची वाळत घातलेली, नजर पोचेल तिथवर लाल, आणि मधोमध ती पिवळ्या साडीत, कमरेवर हात. इतका रंग त्या भिंतीवर दुसऱ्या कशातच नव्हता.

"बहुत अच्छा साल था?" मी विचारलं.

"नहीं. उसके बाद चार दिन बारिश, सब सड़ गया. इसीलिए इधर आई." मग म्हणाली, "पर उस दिन ऐसा ही था."

महिन्यातून एकदा कँटीनमध्ये त्या महिन्यातल्या सगळ्यांच्या वाढदिवसाचा मिळून एक केक कापतात आणि तेव्हा जनरल मॅनेजर खाली येतात. वर पंधरवडा केव्हाच संपला होता, कोठारांचे फोटोही निघाले होते. मॅनेजर आत आले आणि केककडे जायच्याऐवजी भिंतीपाशी थांबले. आईच्या फोटोखालचं वाचलं. तो माझ्या आईचा आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी वळून मला शोधलं आणि नुसती मान हलवली. मग ते मिरचीच्या फोटोसमोर गेले आणि तिथेच उभे राहिले.

"हे अमेरिकेत कुठे?" त्यांनी विचारलं.

"नो सर," इस्त्रीवाली मागून म्हणाली. "माय लँड. दॅट इज मी."

त्यांनी एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. "सुंदर आहे. पुढच्या महिन्यात वर भारतीय जेवण ठेवतोय. हा मोठा करून दारातच लावू. काय म्हणता?"

जनरल मॅनेजरांना नाही म्हणणं ही आमच्याकडे फारशी घडणारी गोष्ट नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, पण परवानगीसाठी नव्हे. मी ऐकतेय ना, एवढंच तिला बघायचं होतं.

"सॉरी सर," ती म्हणाली. "ये इधर का है."

"ती म्हणते, हा इथेच राहील," मी इंग्रजीत सांगितलं. गरज नव्हती, त्यांना कळलं होतं. पण मला ते मोठ्यानं म्हणायचं होतं.

मॅनेजर हसले. "मफी मुश्किल," म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही, आणि केक कापायला गेले. तिनं त्यांना तुकडा दिला, चांगला मोठा, आणि त्यांनी तो उभ्याउभ्या सगळा संपवला, भिंत बघत.

त्या शुक्रवारी मी आईला पूर्ण भिंतीचा फोटो पाठवला. तिनं तो बोटांनी मोठा करून बघितला असावा, कारण तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "माझ्या बाजूला कोण कोण आहेत?"

"एका बाजूला बरण्यांवाली अमेरिकन बाई. दुसऱ्या बाजूला आमची लाँड्रीवाली, मिरचीत उभी."

आईनं पुन्हा एकदा दोघींना निरखून बघितलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "दोघी कष्टाच्या दिसतात. राहू दे मला तिथे."